अंदाजपत्रकाचे दहा हजार कोटी आणि आपल्या उसाचे बिल



एरवी या पानावर आम्ही बेणे, खत, हुमणी आणि खोडव्याच्या बगला फोडणे अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय अंदाजपत्रकाचा आहे. शेतकी पदविका घेतलेल्या माणसाने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, बांधावर गेल्यावर सभासद मुख्य लेखापालांना विचारायचे प्रश्न आम्हालाच विचारतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये असाच एक प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. पुढे ते शोधता शोधता जे कळले, ते आज सर्वांसमोर ठेवत आहोत. अजूनही गावोगाव तोच प्रश्न निघतो, म्हणून हा खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही समजतो.

कट्ट्यावरचा हिशोब

१ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत अंदाजपत्रक मांडले. गळीत हंगाम भरात होता, फडात टोळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी तोडणी कार्यक्रम तपासायला आम्ही एका गावी गेलो, तर पारावर दहा-बारा सभासद बसलेले. बातम्या सर्वांनी ऐकल्या होत्या. सहकारी साखर कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळणार, ही बातमी तर तोंडपाठ झाली होती.

कारखान्याच्या स्थापनेपासूनचे सभासद असलेल्या आबांनी सरळ विचारले, “काय साहेब, दहा हजार कोटी आलं म्हणं. टनाला किती बसतंय?”

आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांच्या नातवाने मोबाईलवर हिशोब मांडला. “राज्याचं गाळप दहा कोटी टन धरा आबा. दहा हजार कोटीला दहा कोटीनं भागा. टनाला हजार रुपयं!”

झाले! पारावर एकदम जीव आला. कोणी म्हणाले, हजार नाही तर निदान पाचशे तरी देतील. कोणी म्हणाले, देतील कसले, वरच्या वर जिरवतील. एक जण शांतपणे म्हणाला, “सरकारी गूळ आहे, जिभेवर पडेल तेव्हा खरा.” आम्हाला मात्र उत्तर सुचेना. चौकशी करून सांगतो, असे म्हणून आम्ही मोटारसायकलला किक मारली. हीच आमची चूक झाली. साहेब काही बोलले नाहीत याचा अर्थ पाणी मुरतेय, असा गावाने लावला. आठ दिवसांत बातमी फिरली की, कारखान्याला पैसे आले आहेत आणि संचालक मंडळ दाबून बसले आहे. दोन सभासदांनी तर पुढची नोंद दुसरीकडे देतो असे आमच्या चिटबॉयला सुनावले. एका चुकीच्या भागाकाराने इतके होते.

त्या आठवड्यात आम्ही हिशोब विभागात तीन चकरा मारल्या. मुख्य लेखापालांनी जे समजावले ते असे.

भांडण कशाचे होते?

ऊसदराचे दोन भाग सभासदांना ठाऊक आहेत. पूर्वी केंद्र सरकार दरवर्षी उसाचा वैधानिक किमान दर ठरवीत असे. ऑक्टोबर २००९ पासून त्याची जागा रास्त व किफायतशीर दराने, म्हणजे आपण ज्याला एफ.आर.पी. म्हणतो त्याने घेतली. हा झाला किमान दर. पण सहकारी कारखाना तेवढ्यावर कधी थांबला नाही. हंगाम संपला, साखर विकली, खर्च वजा केला की उरलेले पैसे उसाच्या अंतिम दरात सभासदाला द्यायचे, ही आपली रीत. भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात ५-अ हे कलम आले. त्यात किमान दरावर जादा दर देण्याची रीत बसवली होती. आपल्या राज्यात अंतिम दराला शासनाची मान्यता घेऊन तो जाहीर होत असे.

आता प्राप्तिकर खात्याचे म्हणणे काय होते ते पाहा. खाते म्हणे, किमान दर हा तुमचा खर्च, तो आम्हाला मान्य. पण त्यावर दिलेला जादा दर हा खर्च नव्हे. तो तुम्ही नफा काढून मग सभासदांत वाटलेला आहे. नफा वाटण्याआधी त्यावर कर भरायला हवा होता. तो भरला नाही, तर आता भरा.

कारखान्यांचे म्हणणे असे की, ऊस हा आमचा कच्चा माल आहे. कच्च्या मालाला जे मोजले तो खर्चच. बिगरसभासदाच्या उसालाही आम्ही तोच दर देतो, तो काही आमचा भागीदार नव्हे. शिवाय खासगी कारखान्याने शेतकऱ्याला चढा दर दिला तर तो खर्च धरता, आणि आमचा सभासद शेतकरी हाच मालक आहे म्हणून त्याच्या उसाचा दर नफा कसा होतो?

दोन्ही बाजू नीट समजाव्यात म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे गोल आहेत, कोणत्याही कारखान्याचे नाहीत. समजा एका कारखान्याने हंगामात ३ लाख टन ऊस गाळला. किमान दर टनाला १००० रुपये आणि अंतिम दर १३०० रुपये. वरचे ३०० रुपये गुणिले ३ लाख टन, म्हणजे ९ कोटी रुपये. खात्याने हे ९ कोटी नफा धरले. त्यावर शेकडा ३० प्रमाणे कर २ कोटी ७० लाख. म्हणजे टनामागे ९० रुपये. मागणी थकली की महिन्याला शेकडा १ व्याज. दहा वर्षे वाद चालला तर व्याज ३ कोटी २४ लाख, मुद्दलापेक्षा जास्त. एकूण ५ कोटी ९४ लाख. आणि हे एका हंगामाचे झाले. असे कित्येक हंगाम एकावर एक चढत गेले.

यातली खरी मेख लक्षात घ्या. ज्या पैशावर कर मागितला जात होता, तो पैसा कारखान्याच्या तिजोरीत नव्हताच. तो त्याच वर्षी तुमच्या खात्यावर जमा झाला होता. त्यातून कोणी विहिरीला मोटर बसवली, कोणी गोठ्यावर पत्रा घातला, कोणाच्या मुलीचे लग्न झाले. पंधरा वर्षांपूर्वी खर्च झालेल्या पैशाचा कर कारखान्याने भरायचा तर कशातून? पुढच्या हंगामाच्या उसाच्या बिलातूनच. म्हणजे बापाला मिळालेल्या जादा दराचा कर मुलाच्या उसातून कापला गेला असता. आबांना आणि त्यांच्या नातवाला हे आम्ही असेच सांगितले, तेव्हा नातू पहिल्यांदा गप्प झाला.

२०१५ ते २०२३

हा वाद एका अंदाजपत्रकात मिटला नाही. त्याला पायऱ्या आहेत.

पहिली पायरी २०१५ च्या वित्त कायद्याची. सहकारी साखर कारखान्याने शासनाने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत उसाला दिलेली रक्कम खर्च धरावी, असे कलम प्राप्तिकर कायद्यात आले. पण ते २०१६-१७ या करआकारणी वर्षापासून, म्हणजे २०१५-१६ च्या हिशोबापासून पुढे. मागची वर्षे होती तशीच लटकली.

मागच्या वर्षांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या नावाने ओळखला जाणारा निकाल ५ मार्च २०१९ रोजी लागला. न्यायालयाने सांगितले की, जादा दरातला सगळा पैसा नफा नव्हे आणि सगळा खर्चही नव्हे. त्यात नफ्याचा वाटा किती तो वेगळा काढा, तेवढा खर्चात धरू नका. हे काम पुन्हा आकारणी अधिकाऱ्यांकडे गेले. म्हणजे निकाल लागला, पण मोजणी पुन्हा बांधावरून सुरू झाली.

पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्रात सहकार मंत्रालय स्वतंत्र झाले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एक खुलासा काढला. शासनाने ठरवलेला दर म्हणजे फक्त केंद्राचा किमान दर नव्हे, राज्य शासनाने कायदेशीर मार्गाने ठरवलेला त्याहून चढा दरही त्यात धरायचा. २०२२ च्या अंदाजपत्रकात सहकारी संस्थांचा किमान पर्यायी कर शेकडा साडेअठरावरून पंधरावर आला. एक कोटी ते दहा कोटी उत्पन्नाच्या सहकारी संस्थांवरचा अधिभारही बारावरून सातवर आला.

शेवटची पायरी २०२३ ची. २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांतही उसापोटी दिलेली रक्कम खर्च म्हणून मागण्याची संधी सहकारी कारखान्यांना देण्यात आली. कारखान्याने अर्ज करायचा, त्या त्या वर्षी शासनाने ठरवलेला किंवा मान्य केलेला दर कागदाने दाखवायचा, मग अधिकारी जुना हिशोब दुरुस्त करणार. त्याची रीत कर मंडळाने जुलै २०२३ मध्ये ठरवून दिली. सवलत मान्य दरापर्यंतच आहे, त्याच्या वर कोणी काही दिले असेल तर ते यात येत नाही. दिवाळीला सभासदांना देतो त्या सवलतीच्या साखरेवरून कारखाने आणि खाते यांच्यात चाललेला वादही वेगळा, तो यात धरू नये.

साखर कारखानदारीतून याचे स्वागत झाले. सहकारी साखर कारखान्यांच्या राष्ट्रीय महासंघाने समाधान व्यक्त केले. गावात मात्र उलटे वारे वाहत होते. ज्या गोष्टीसाठी कारखाने वर्षानुवर्षे दिल्लीच्या चकरा मारत होते, ती हाती आल्यावर त्यांचेच सभासद “आमचे हजार रुपये कुठे?” असे विचारत होते.

मग टनाला किती?

आबांच्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण एका सातबाऱ्यात देता येते.

तुमच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो. समजा कर्जाची ती मागणीच मुळात रद्द झाली. तलाठ्याने इतर हक्कातला बोजा कमी केला. त्या दिवशी तुमच्या खिशात किती रुपये पडले? एकही नाही. पण म्हणून काही मिळाले नाही असे तुम्ही म्हणाल का? जमीन मोकळी झाली. उद्या पाइपलाइनसाठी बँकेत गेलात तर साहेब बसा म्हणेल. रात्री झोप लागेल. दहा हजार कोटींचा दिलासा हा असा आहे. तो उतरलेला बोजा आहे, हातात आलेला हप्ता नव्हे.

नातवाच्या भागाकारात तीन चुका होत्या. एक, तो आकडा सबंध देशातल्या सहकारी कारखान्यांचा अंदाज होता, एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. दोन, तो जुन्या हंगामांच्या उसाशी बांधलेला होता. त्याला २०२२-२३ च्या उसाने भागणे म्हणजे आजोबांच्या लागणीचा उतारा नातवाच्या खोडव्याला लावणे. तीन, तो बहुतांशी कर, व्याज आणि दंडाच्या मागणीचा आकडा होता. न भरलेल्या मागणीतून वाटायला पैसे निघत नाहीत.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वाद चालू असताना मागणीतला काही भाग भरल्याशिवाय वसुलीला स्थगिती मिळत नसे. म्हणून काही कारखान्यांनी रकमा भरल्या होत्या, काहींचे इतर परतावे खात्याने अडवून ठेवले होते. अशा ठिकाणी हिशोब दुरुस्त झाला की खरोखर पैसे परत येतात. ते आले तर त्यांचे काय करायचे, आधी थकलेली देणी फेडायची, बँकेचे व्याज कमी करायचे की ऊसदरात धरायचे, हे विचारण्याचा सभासदांना पूर्ण हक्क आहे. त्याची जागा वार्षिक सर्वसाधारण सभा. आपल्या अहवालात ताळेबंदाच्या मागे ‘संभाव्य देणी’ म्हणून एक परिशिष्ट असते. अहवाल घरी आला की आपण पहिल्या पानावरचा अध्यक्षांचा फोटो पाहतो आणि तो माळ्यावर टाकतो. या वर्षी ते परिशिष्ट उघडा. प्राप्तिकराचा आकडा मागच्या अहवालात किती होता आणि आता किती आहे, हे ताडून पाहा आणि सभेत उभे राहून विचारा. सांगणे आमचे काम आहे. पारावर कुजबुज करण्यापेक्षा सभेत मोठ्याने विचारलेला एक प्रश्न कारखान्याला जास्त उपयोगाचा.

राज्याचे अंदाजपत्रक आणि एक रुपया

केंद्राच्या मागोमाग ९ मार्च २०२३ रोजी राज्याचे अंदाजपत्रक आले. तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी ते मांडले. केंद्राच्या वर्षाला ६,००० रुपयांत राज्याचे आणखी ६,०००, एक रुपयात पीक विमा, महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट, अशा त्यात घोषणा होत्या. सत्तेच्या बाजूने स्वागत झाले, विरोधकांनी निवडणुकीचे अंदाजपत्रक म्हणून टीका केली. बाके बदलली की हीच वाक्ये बाजू बदलतात, त्यात आपण पडायचे कारण नाही. आम्ही बांधावरच्या प्रतिक्रिया सांगतो.

अर्ध्या तिकिटाचा आनंद सर्वांत खरा होता, कारण तो लगेच हातात आला. १७ मार्च २०२३ पासून ते सुरूही झाले. लागणीच्या कामावरच्या एक मावशी म्हणाल्या, “लेकीकडं जायचं म्हणलं की मालकाला पैसं मागाय लागायचं. आता माझं मी जाऊन येते.” तिकिटाचे उरलेले अर्धे पैसे एस.टी.ला शासनाने द्यायचे असतात, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. पण आपण लक्षात ठेवावे. सवलत कोणतीही असो, कोणीतरी ती भरत असतो.

एक रुपयाच्या विम्याची गोष्ट वेगळी. त्यावर पारावर जेवढी टाळी पडली तेवढी कशावरच नाही. “एका रुपयात विमा! आता उसाला गारपीट होऊ दे नाही तर पूर येऊ दे.” आम्ही विचारले, यादी वाचली का? यादी कोणी वाचली नव्हती. भात, ज्वारी, बाजरी, सोयाबीन, भुईमूग, तूर, कापूस, कांदा अशी अधिसूचित पिके त्यात होती. ऊस नव्हता. म्हणजे ज्या घोषणेला ऊसकरी गावाने सर्वांत मोठी टाळी वाजवली, ती त्याच्या मुख्य पिकाला लागूच नव्हती. ज्यांचे फेरपालटाचे सोयाबीन किंवा भुईमूग होते, त्यांना मात्र तिचा उपयोग झाला.

आणि ती टिकलीही नाही. शेतकऱ्याचा हप्ता शासन भरत असल्याने खजिन्यावर भार पडला. दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनींवरही विमा उतरवल्याचे बोगस अर्ज सापडले. अखेर २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सोय बंद झाली. पूर्वीप्रमाणे विमा रकमेवर खरिपाला शेकडा दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला पाच, असा हप्ता शेतकऱ्याकडे आला. बोगस अर्ज करणारे थोडे होते, सोय सर्वांची गेली. खोट्या नोंदीने खऱ्या उसाची तोड लांबते, तसेच हे.

फुकट वीज आणि घरातला पगारदार

२८ जून २०२४ च्या राज्याच्या अतिरिक्त अंदाजपत्रकात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. अंदाजपत्रक तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री श्री. अजित पवार यांनी मांडले. पंप सुमारे ४४ लाख, मुदत एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे. शेतकऱ्यांची पहिली प्रतिक्रिया आनंदाची, दुसरी अशी: “फुकट नसली तरी चालंल, दिवसा द्या.” रात्री दारे धरताना पायाखाली काय येईल याचा भरवसा नसतो, हे मुंबईत बसून कळत नाही. ज्यांची मोटर दहाची आहे ते बाहेर राहिले. आपल्याकडच्या उपसा सिंचन संस्थांच्या मोठ्या मोटरींनाही ही मर्यादा आडवी आली.

येथे ऊस विकास अधिकारी म्हणून एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. वीज फुकट झाली म्हणून पाणी फुकट झालेले नाही. बिल येत नाही म्हणून मोटर चालू ठेवून झोपणाऱ्याच्या रानात आधी खालची जमीन चिबडते, मग क्षार वर येतात. त्या जमिनीचा बोजा कोणतेही अंदाजपत्रक उतरवीत नाही.

त्याच अंदाजपत्रकात महिलांना दरमहा १,५०० रुपयांची योजना आली. बायका म्हणाल्या, पहिल्यांदा आमच्या नावावर काही आले. त्या म्हणण्याचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली आणि निकषात न बसणारी नावे कमी होऊ लागली, तेव्हा बऱ्याच घरांत गोंधळ उडाला. गोंधळ होण्याचे कारण, कर आणि कल्याण हे दोन वेगळे कप्पे आहेत असे आपण समजतो. ते तसे नाहीत. केंद्राच्या ६,००० रुपयांच्या योजनेतून मागील वर्षी प्राप्तिकर भरलेले कुटुंब वगळले आहे. महिलांच्या योजनेतही घरात प्राप्तिकर भरणारा असेल, किंवा ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल, तर नाव बसत नाही.

आपले उसाचे बिल हे शेतीचे उत्पन्न, त्यावर प्राप्तिकर नाही. म्हणून करातले बदल आपल्यासाठी नव्हेत असे आपण म्हणतो. पण मुलगा नोकरीला असेल, किंवा आपणच ऊस वाहतुकीचा ठेका घेतला असेल, तर ते उत्पन्न शेतीचे नव्हे. २०२३ च्या अंदाजपत्रकात नव्या पद्धतीने सात लाखांपर्यंत आणि २०२५ च्या अंदाजपत्रकात बारा लाखांपर्यंत उत्पन्नावर कर लागणार नाही अशी सोय झाली, तेव्हा पुण्यातल्या मुलांनी पेढे वाटले. ती बातमी गावाकडच्या आईवडिलांनीही वाचायला हवी होती. घरात कर भरणारा आहे की नुसते विवरणपत्र भरणारा आहे, यावर घरातली दुसरी रक्कम अवलंबून असू शकते. दोन्हींत फरक आहे. तो जाणत्याकडून समजून घ्यावा.

काट्याची पावती

या सगळ्यातून आम्ही स्वतः एक धडा घेतला. टोळीचा मुकादम म्हणतो, गाडीत चार टन माल आहे. म्हणून आपण चार टनांचे बिल मागत नाही. गाडी काट्यावर जाते, वजन होते, पावती हातात येते, मग आपण बोलतो. अंदाजपत्रकाच्या पहिल्या दिवशी जे ऐकू येते ते मुकादमाचे बोलणे आहे. पावती मागून येते. तोवर चार प्रश्न विचारावेत.

पहिला, यात माझे पीक, माझी मोटर, माझे घर बसते का? यादी वाचावी.

दुसरा, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या वर्षाच्या हिशोबाला? २०१५ चा कायदा चांगला होता, पण मागच्या वर्षांसाठी पुढे आठ वर्षे थांबावे लागले.

तिसरा, पैसे येणार की देणे कमी होणार? दोन्ही फायदेच, पण एकाचा हप्ता निघतो आणि दुसऱ्याचा नाही.

चौथा, हे कोण भरणार आणि किती दिवस? ज्याला भरणारा पक्का नाही ती सवलत पावसाळी ओढ्यासारखी.

२०२३ च्या त्या दोन अंदाजपत्रकांत ज्या घोषणेवर गाव नाचले ती उसाला लागू नव्हती आणि दोन वर्षांत आटोपली. जिच्यावरून गाव कारखान्यावर रुसले, तिने आपल्या सर्वांच्या माथ्यावरचा कित्येक वर्षांचा बोजा उतरवण्याची वाट करून दिली. ऐकताच आलेल्या आनंदावर किंवा रागावर नोंदीचा निर्णय घेतला असता, तर नुकसान कोणाचे झाले असते?

ज्या दोन सभासदांनी नोंद दुसरीकडे देतो म्हटले होते, त्यांच्या घरी आम्ही नंतर जाऊन आलो. एकाने ऐकून घेतले आणि नोंद ठेवली. दुसऱ्याने दिलीच नाही. त्याला दोष कसा द्यावा? त्याने प्रश्न विचारला त्या दिवशी आम्ही मोटारसायकल चालू केली होती. यापुढे उत्तर माहीत नसेल तर “माहीत नाही, परवा येऊन सांगतो” असे म्हणून आम्ही खरोखर परवा येऊ. सभासदांनीही परवापर्यंत धीर धरावा.

आबा परवा भेटले तेव्हा पुन्हा म्हणाले, “ते सगळं खरं साहेब, पण टनाला किती?” आम्ही म्हणालो, “आबा, अहवालातलं परिशिष्ट वाचा आणि सभेला या.” ते म्हणाले, “येतो. चष्मा घेऊन येतो.”

आपणही यावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी